गच्चीवरचं सोलर : अर्जापासून अनुदानापर्यंत

आमच्या साताऱ्यातल्या गल्लीत आता सात घरांवर सोलर आहे. पहिलं माझ्या घरावर बसलं आणि तेव्हापासून संध्याकाळी कुणी ना कुणी वीजबिल हातात घेऊन दारात उभं असतं. पहिला प्रश्न ठरलेला : "काका, किती किलोवॅट घेऊ?" हा प्रश्न खरं तर चौथा यायला हवा. बिल कुणाच्या नावावर आहे, गच्चीवर सावली कुठे पडते, वर्षाला युनिटं किती जळतात, हे आधी. ज्यांनी या तीन गोष्टी अगोदर पाहिल्या त्यांचं काम महिना-दीड महिन्यात उरकलं. ज्यांनी आधी ॲडव्हान्स दिला आणि मग कागद शोधायला घेतले, त्यांची एक दिवाळी त्यातच गेली.

योजना आहे पीएम सूर्यघर मोफत वीज योजना. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, एक कोटी घरं हे लक्ष्य, ७५,०२१ कोटींची तरतूद आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत. अनुदानाचं गणित सोपं आहे. पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,०००, तीनला ७८,०००. पुढे पाच बसवा नाहीतर दहा, अनुदान ७८,००० वरच थांबतं. या उतरत्या आकड्यांतच सरकारला काय हवंय ते दिसतं. बंगल्यावरच्या मोठ्या यंत्रणेपेक्षा दोन-तीनशे युनिटं वापरणारी लहान घरं त्यांना सोलरवर आणायची आहेत.

नावातल्या "मोफत"बद्दल एक खुलासा करावा लागतो, कारण दर दोन माणसांमागे एकाचा गैरसमज असतो. सरकार दरमहा ३०० युनिटं फुकट देत नाही. तुमच्याच गच्चीवरच्या तीन किलोवॅटमधून महिन्याला सरासरी तेवढी वीज तयार होते, आणि ती तुमच्या वापरातून वजा होते. पॅनेल नाही तर मोफत काही नाही. आणि पॅनेल बसवल्यावरही बिल अगदी शून्य होत नाही. स्थिर आकाराचे शे-दीडशे रुपये राहतातच.

आधी बारा बिलं काढा

एका महिन्याच्या बिलावर काही ठरवू नका. मे महिन्याचं बिल घेऊन कंत्राटदाराकडे गेलात तर तो तुम्हाला पाच किलोवॅट विकेल, आणि त्याची काही चूकही म्हणता येणार नाही. महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकला की मागची बिलं दिसतात. बारा महिन्यांची युनिटं एका कागदावर लिहून बेरीज करा.

आमची बेरीज आली २,७६०. महिन्याची सरासरी २३०. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, वर्षाला साधारण १,४००. उन्हाळ्यात जास्त, आषाढ-श्रावणात कमी. सलग पाऊस लागला की दिवसाला दोन-अडीच युनिटांवरही येतं, तेव्हा घाबरून फोन करू नका. म्हणजे आमच्या घराला दोन किलोवॅट पुरेसे होते. तरी मी तीन घेतले, कारण मुलगा इलेक्ट्रिक स्कूटर घेणार होता. रोज तीसेक किलोमीटर फिरणारी स्कूटर महिन्याला तीस-चाळीस युनिटं खाते. शिवाय गॅसच्या जोडीला इंडक्शन आणायचं होतं. तुमच्या घरात असं काही येणार नसेल, तर कुणी कितीही आग्रह केला तरी जास्त घेऊ नका.

कारण असं : जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या तारांत, जाते आणि तिची युनिटं पुढच्या महिन्यांत तुमच्या खात्यावर जमा राहतात. पण ३१ मार्चला हिशेब बंद होतो. तेव्हा उरलेली युनिटं वीज कंपनी ज्या दराने घेते, तो तुम्ही विकत घेता त्या दराच्या कितीतरी खाली असतो. सोलर हा धंदा नाही, आपल्या बिलापुरतं आहे, असं धरून चाला.

आणखी एक बारीक गोष्ट. बिलात टप्पे असतात : १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा दर) धरला तरी दुसऱ्या टप्प्याचं युनिट पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतं. सोलर आधी तुमची महाग युनिटं खातं, स्वस्त शेवटी. त्यामुळे महिन्याला साठ-सत्तर युनिटं जाळणाऱ्या घराचा फायदा कमी दिसतो. अशा घरांसाठी राज्य सरकारने स्मार्ट नावाची पुरवणी योजना आणली : स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप. एक किलोवॅट बसवणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला केंद्राच्या ३०,००० वर आणखी १७,५०० रुपये. शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्यांना १०,००० आणि त्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,०००. घरकाम करणाऱ्या आमच्या मावशींना हे मी सांगितलं तेव्हा त्यांना पटेना. किंमत पन्नास हजार धरली तर खिशातून किती जातात, ते बिलाच्या मागे लिहून दाखवलं : अडीच हजार.

नाव जुळतंय का

इथे सर्वांत जास्त अर्ज अडकतात. बिल आजोबांच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या, आधार तुमचं आणि बँकखाते बायकोचं. आपल्याकडे निम्म्या घरांची हीच कथा आहे. वीस वर्षं कुणी बिलावरचं नाव पाहिलेलं नसतं, भरलं की झालं.

अनुदान थेट बँकेत येतं आणि ते वीजग्राहकाच्याच नावाने येतं. म्हणून अर्जाला हात लावण्याआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. त्यासाठी घराच्या मालकीचा पुरावा (शहरात घरपट्टीची पावती किंवा इंडेक्स दोन, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ अ), मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. भाऊ-बहीण पुण्या-मुंबईत असतील तर सही घ्यायला गणपतीची वाट पाहू नका. आमच्या समोरच्या घरात नेमकं तेच झालं. बहिणीची एक सही राहिली आणि अर्ज गणपतीपर्यंत पुढे गेला. नावातलं स्पेलिंगही पाहा. आधारवर "दत्तात्रय" आणि पासबुकात "दत्तात्रेय" असेल तर इंग्रजीत एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं आणि यंत्रणा ते मान्य करत नाही.

थकबाकी असेल तर भरून टाका. आणि याआधी सोलरचं अनुदान घेतलेल्या घराला पुन्हा मिळत नाही.

गच्चीवर खडू घेऊन जा

एका किलोवॅटला सावली नसलेली साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. तीनला तीनशे. ही जागा मोजपट्टीने मोजून चालत नाही, सूर्याने मोजावी लागते.

कुठलाही एक उन्हाचा दिवस धरा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जा आणि टाकी, जिन्याची खोली, शेजारचं नारळाचं झाड यांच्या सावलीच्या कडा खडूने आखा. डिसेंबरात हे केलंत तर सर्वांत उत्तम, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली उतरलेला असतो. सहा फूट उंचीच्या टाकीची सावली दुपारी उत्तरेकडे पाचेक फूट जाते. सकाळी नऊला ती टाकीच्या उंचीच्या दुप्पट लांब, वायव्येकडे पडते. मे महिन्यात गच्ची पाहून जागा ठरवणाऱ्या कंत्राटदाराला ही सावली दिसलेलीच नसते. माझ्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने टाकीच्या बरोबर उत्तरेला पॅनेलं काढली होती. मी खडूच्या रेघा दाखवल्या तर म्हणाला, "एकाच पॅनेलवर येतीय साहेब." पण पॅनेलं एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली आली की सगळ्या माळेचा जोर उतरतो. दुसरा माणूस शोधला.

पॅनेलांचं तोंड दक्षिणेला, उतार पंधरा-वीस अंशांचा. दक्षिण मोकळी नसेल तर पूर्व-पश्चिमही चालतं, थोडी वीज कमी येते इतकंच.

घरातल्या बाईमाणसांना विचारल्याशिवाय उंची ठरवू नका. माझी आई पहिल्या दिवशीच म्हणाली, "अरे, सगळी गच्ची अडवलीस तर कुरडया काय रस्त्यावर वाळत घालू?" तिचं बरोबर होतं. म्हणून ढाचा सात फूट वर घेतला. खालून माणूस ताठ चालतो, दोरीवर कपडे वाळतात आणि कुरडयांना पुढची मोकळी बाजू राहिली. यासाठी वरचे दहा-बारा हजार गेले. अनुदानात ते धरत नाहीत. पण उंच ढाचा वारा जास्त धरतो, म्हणून खांब आणि तिरकस आधार मजबूत हवेत. कोकणातल्या वाचकांनी इथे एक पैसाही वाचवू नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात पत्र्यांची काय गत केली, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ढाचा गरम जस्तात बुडवलेला असावा. नुसत्या रंगवलेल्या लोखंडाला खारा वारा दोन पावसाळ्यांत खातो.

स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकू देऊ नका. कोब्याचं वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीत ओल येते आणि सोलरचा सगळा फायदा गिलाव्यात जातो. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत खांब उभे करायला सांगा.

पोर्टलवर अर्ज

हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर राज्य, वीज कंपनी आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. राज्यात बहुतेकांना महावितरण निवडायचं आहे. मुंबईत तुमच्या बिलावर बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी असेल तर ते. गोव्यात वीज खातं. मग किती किलोवॅट ते भरा, बिल चढवा.

मोबाइल क्रमांक तुमचाच द्या. हे मी तीनदा सांगतो, तरी लोक कंत्राटदाराचा देतात. "तुम्हाला कशाला त्रास, ओटीपी मी बघतो" असं म्हणणारा माणूस चांगला असेलही, पण पुढच्या प्रत्येक पायरीचा निरोप त्या क्रमांकावर येतो आणि बँकेचा तपशीलही त्याच खात्यातून भरायचा असतो. उद्या त्याच्याशी बिनसलं तर तुमचा अर्ज त्याच्या खिशात.

दहा किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेला आता तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर असा अर्ज मंजूर झाला असंच मानतात आणि मंजूर भार (तुमच्या जोडणीला मंजूर असलेले किलोवॅट) कमी असेल तर तोही वीज कंपनी वाढवते. पूर्वी याच टप्प्यावर महिने जायचे.

कंत्राटदार आणि पैसे

पोर्टलवरच्या यादीतलाच कंत्राटदार घ्यावा लागतो, नाहीतर अनुदान नाही. किमान तिघांकडून लेखी दर मागवा. तीन किलोवॅटला आज साधारण पावणेदोन ते सव्वादोन लाख सांगतात. सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना दर दाखवत असतील तर विचारा.

सर्वांत स्वस्त दर आला की एक प्रश्न विचाराच : पॅनेल डीसीआर आहे का? म्हणजे आतले सेलही भारतात बनलेले आणि पॅनेलही. अनुदान फक्त अशाच पॅनेलांना मिळतं. बाहेरून आणलेले सेल स्वस्त पडतात, म्हणून हा नियम ग्राहकाला महाग वाटतो. पण सरकारचं दुसरं ध्येय इथे कारखाने उभे राहावेत हे आहे, आणि अनुदानातला काही भाग त्या ध्येयासाठी आपण परत देतो, असं समजा. पॅनेल उतरवल्यावर मागच्या अनुक्रमांकांचे फोटो काढून ठेवा, तेच पुढे पोर्टलवर चढवले जातात.

करारात या गोष्टी लिहून घ्या : पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) यांची कंपनी व मॉडेल, ढाच्याची उंची, किती अर्थिंग (तीन स्वतंत्र हवीत : पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि आकाशातल्या विजेसाठीचं), पाच वर्षांची देखभाल. पैसे टप्प्याने द्या. थोडे करारावेळी, मोठा हिस्सा माल गच्चीवर पोचल्यावर, आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) लागल्यावरच. हा शेवटचा हिस्सा हातात ठेवला नाही तर माणूस फोन उचलत नाही. हे अनुभवाने सांगतो : माझ्या पहिल्या आठवड्यात अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ टाकायचंच राहून गेलं होतं, आणि राखून ठेवलेल्या वीस हजारांमुळेच ते दुसऱ्या दिवशी आले.

कर्ज हवं असेल तर राष्ट्रीयीकृत बँका या योजनेखाली तारण न मागता दोन लाखांपर्यंत देतात, व्याज साधारण सहा-सात टक्क्यांच्या आसपास. त्याचा अर्जही पोर्टलवरून जातो. कंत्राटदाराने सुचवलेल्या खासगी फायनान्सचा हप्ता आणि हा हप्ता शेजारी शेजारी लिहून पाहा. अनुदान आलं की ते थेट मुद्दलात भरा.

बसवण्याचा दिवस

दोन दिवसांचं काम. तुम्ही घरी थांबा. इन्व्हर्टर उन्हात, पावसात किंवा पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका. जिन्याखालची हवेशीर जागा चांगली. वायरी पाइपातूनच नेलेल्या असाव्यात, नाहीतर उंदीर आणि माकडं दोघंही आपापलं काम करतात.

आणि हे आधीच घरात सांगून ठेवा : ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून उलटी वीज जाऊन शॉक बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. बॅटरी लावता येते, पण तिला या योजनेत अनुदान नाही आणि खर्च बराच वाढतो. दिवसातून अर्धा तास लाइट जाणाऱ्या घराने बॅटरीच्या नादी लागू नये, असं माझं मत. जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहे तो तसाच चालू ठेवा.

नेट मीटर आणि अनुदान

काम झालं की कंत्राटदार पोर्टलवर तपशील भरतो; त्यात पॅनेलांसोबत तुमचा, ठिकाण नोंदवलेला फोटो लागतो. आईला त्या फोटोसाठी नवी साडी नेसायची होती, ते झालं. मग वीज कंपनीशी नेट मीटरचा करार, तपासणी आणि मीटर. नियमाप्रमाणे काम पूर्ण झाल्याचं कळवल्यावर पंधरा दिवसांत यंत्रणा सुरू व्हायला हवी. महावितरण या योजनेतल्या घरगुती ग्राहकांना नेट मीटर स्वतःकडून देते, तेव्हा "मीटरचे वेगळे" म्हणून कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

नेट मीटर लागेपर्यंत यंत्रणा चालू करू नका. जुन्या मीटरला वीज आत आली की बाहेर गेली हे कळत नाही; काही मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणून मोजतात आणि बिल वाढून येतं.

सुरू झाल्याचं प्रमाणपत्र पोर्टलवर दिसलं की बँकेचा तपशील आणि रद्द केलेला चेक चढवा. ही पायरी तुमची आहे, कंत्राटदाराची नाही. लोक वाट पाहत बसतात आणि अर्ज इथेच पडून असतो. त्यानंतर साधारण तीस दिवसांत अनुदान जमा होतं. माझं बावीस दिवसांत आलं.

फ्लॅटवाल्यांसाठी

गच्ची सोसायटीची, त्यामुळे एकट्याचा अर्ज सहसा जमत नाही. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक जोडणीसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात, घरामागे तीन किलोवॅट या हिशेबाने ५०० किलोवॅटपर्यंत. गाड्यांचं चार्जिंगही त्यात बसतं. सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करून घ्या. आणि सभेत पहिला विषय वरच्या मजल्यावरच्यांचा असतो : गळती झाली तर खर्च कुणाचा? त्याचं उत्तर ठरावातच लिहा.

नंतरची काळजी

पहिल्या चार बिलांत आयात आणि निर्यात हे दोन्ही रकाने मीटरवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. आम्ही मीटरच्या पेटीला एक वही टांगली आहे. महिन्याच्या एक तारखेला दोन्ही आकडे लिहायचे. बिलात चूक दिसली तर १९१२ वर, योजनेच्या अडचणीसाठी १५५५५ वर फोन. तिथे निकाल लागला नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि तिथे ही वहीच पुरावा म्हणून उपयोगी पडते.

पॅनेलं पंधरा दिवसांतून एकदा धुवा, सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात, ते नंतर निघत नाहीत. नळाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. साबण नको. जूनच्या पहिल्या पावसाआधी बोल्ट एकदा आवळून घ्या.

फेब्रुवारीत वही उघडून पाहा. युनिटं बरीच जमा असतील तर मार्च संपायच्या आत वापरा. आमच्याकडे मार्चमध्ये पापडाचं पीठ इंडक्शनवरच उकडतं.